प्रबंधातल्या खुर्च्या

नोव्हेंबर २०१८. ख्रिस्तीजच्या लिलावात स्टीफन हॉकिंग यांच्या वस्तू विक्रीला होत्या. त्यांची लाल चामड्याची, मोटरवर चालणारी व्हीलचेअर २,९६,७५० पौंडांना गेली. आणि पीएच.डी.च्या प्रबंधाची प्रत? ५,८४,७५० पौंडांना! खुर्चीच्या जवळजवळ दुप्पट.

१९६६ सालच्या या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात आपलं नाव भेटतं : नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांच्या गुरुत्वाकर्षण सिद्धांताची तिथे कसून चिकित्सा केली आहे. गंमत म्हणजे हॉकिंगना गाईड म्हणून हॉयलच हवे होते, मिळाले डेनिस शियामा. पुढे १९७९ मध्ये हॉकिंग केंब्रिजच्या गणिताच्या ल्युकेशियन अध्यासनावर आले. १६६९ मध्ये न्यूटन ज्यावर नेमले गेले, तेच हे अध्यासन. हॉकिंगनी ते तीस वर्षं सांभाळलं.

प्रबंध विद्यार्थ्यानेच लिहायचा, हा नियम तसा अलीकडचा. अठराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या अध्यक्षतेखाली १८६ प्रबंध सादर झाले. त्यातले बहुतेक लिनियस यांनीच रचलेले! विद्यार्थ्याचं काम एवढंच, की भर सभेत लॅटिनमधून त्याची बाजू लढवायची.

त्याच स्वीडनमध्ये बेंग्ट ओकरब्लुम या डॉक्टरने १९४८ मध्ये चक्क उभं राहणं आणि बसणं यावर प्रबंध लिहिला, खुर्चीच्या बांधणीवर खास भर देऊन. कमरेच्या खळग्याला आधार हवा आणि बैठक फार उंच नको, हा त्याचा आग्रह. पुढे त्याच्या नावाची खुर्चीही निघाली. पाठदुखीने हैराण झालेल्या प्रत्येकाने या माणसाचे आभार मानावेत. अर्थात खुर्चीवाचून कुणाचं अडतं असंही नाही. १९५० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी जगभरच्या बसण्या-उठण्याच्या तऱ्हा गोळा केल्या, तेव्हा निदान पाव मानवजात उकिडवी बसून विसावा घेते, असा त्यांचा अंदाज निघाला. एस.टी. स्टँडवर नजर टाकली तरी पटेल.

पण सगळ्यात चटका लावणारी खुर्ची आहे रसायनशास्त्रात, आणि तिच्यावर कुणालाच बसता येत नाही. सायक्लोहेक्झेन म्हणजे सहा कार्बन अणूंचं कडं. हे कडं सपाट असतं, असं बायरसारखे दिग्गज रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते. १८९० मध्ये हर्मान झाक्से या जर्मन तरुणाने गणित मांडून दाखवलं, की कडं वाकतं : एक टोक पाठीसारखं वर, दुसरं पायांसारखं खाली. म्हणजे खुर्चीच! लोकांना पटावं म्हणून त्याने कागद कापून, दुमडून नमुना कसा करायचा तेही दिलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. १८९३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला.

नंतर नॉर्वेच्या ऑड हासेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या झोताने ही खुर्ची प्रत्यक्ष शोधून काढली. ते काम सुरू असतानाच नाझींच्या काळात त्यांना तुरुंगवासही घडला. १९५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेरेक बार्टन यांनी अवघ्या चार पानांच्या लेखात या आकाराचं महत्त्व उलगडलं, आणि १९६९ चं नोबेल हासेल व बार्टन यांना मिळून दिलं गेलं. त्या खुर्चीवर पहिला हक्क झाक्सेचा होता, असं मला मनापासून वाटतं.