सोन्याच्या पेढीपुढे खोपरा पॅटिस

इंदूरच्या सराफ्यात दुपारी गेलात, तर इथे खायला म्हणून कुणी येत असेल असं वाटणारही नाही. राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवरची ही चिंचोळी गल्ली. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या, गाद्यांवर बसलेले शेठ, काटे, मखमली डब्या आणि लग्नाच्या खरेदीला आलेली माळव्यातली कुटुंबं. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटरं खाली यायला लागतात आणि त्याच पेढ्यांच्या पुढ्यात शेगड्या, कढया, परातींची मांडामांड सुरू होते. दहापर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि ही गर्दी मध्यरात्र उलटून गेली तरी हलत नाही.

आपल्या दारात तेलाचा घाणा मांडू द्यायला सराफ तयार कसे झाले, असं विचारलं की इंदूरकरांचं उत्तर ठरलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत माणसांचा राबता राहिला, तर चोरांना कुलपाला हात लावायची संधी मिळत नाही. उत्तर पटण्यासारखं आहे. पण दिवसभर हिशेब करून दमलेल्या शेठजींनाही रात्री काहीतरी चटकदार हवं असणार, अशी मला दाट शंका आहे. माळवी माणूस खाण्याच्या बाबतीत निव्वळ व्यवहार बघेल हे संभवत नाही.

या गावाशी मराठी माणसाचं नातं जुनं. राजवाड्याचं बांधकाम मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७च्या सुमारास सुरू झालं. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबार आला की सावकार येतात, आणि दरबारी मंडळींबरोबर त्यांची स्वयंपाकघरंही येतात. सकाळी गावभर मिळणारे पोहे आणि रात्री सराफ्यात मिळणारी साबुदाण्याची खिचडी पाहिली की हे लगेच लक्षात येतं. मात्र दोन्ही पदार्थ इथे पार माळवी होऊन गेलेत. खिचडीचंच बघा. साबुदाणा वाफेवर मोकळा शिजवून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आलं की तो भांड्यात काढायचा, त्यावर मसाला, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मूठभर बटाट्याचा चिवडा घालून भराभर कालवायचा, की झाली खिचडी. तुपातली जिऱ्याची फोडणी नाही की कढईतलं परतणं नाही. पुण्यातली एखादी आजी कपाळाला हात लावेल, पण दुसरा घास घेतल्यावर बहुधा गप्प बसेल.

सराफ्यात एकच पदार्थ खायची वेळ आली, तर मी भुट्टे का कीस निवडेन. मक्याची कणसं किसायची, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत हिरवी मिरची टाकून तो कीस परतायचा आणि दूध घालून मंद आचेवर आटवत बसायचं. सांगायला सोपं आहे, पण सगळी कसोटी धीराची. घाई केली तर कच्च्या मक्याचा वास राहतो आणि दूध जास्त झालं तर त्याची लापशी होते. नीट जमलेला कीस द्रोणात ओलसर दिसतो, पण दाणा न् दाणा सुटा लागतो. वरून खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. गेल्या काही वर्षांत स्वीट कॉर्न सगळीकडे झालाय आणि त्याचा कीस हलव्याच्या दिशेने झुकतो. जुन्या देशी मक्याला जो किंचित रांगडेपणा होता, तो मिरचीशी जास्त जुळायचा.

जोशी दहीबडा हाऊससमोरची गर्दी मात्र निम्मी खायला आणि निम्मी बघायला आलेली असते. दह्यात बुडालेल्या वड्याचा द्रोण हवेत उंच भिरकावायचा आणि एक थेंबही न सांडता झेलायचा, हा तिथला प्रसिद्ध खेळ. सगळे मोबाइल तेव्हा वर होतात. खरी करामत त्यानंतरची आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मीठ, तिखट, जिरेपूड असे वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत उचलायचे आणि बोटं एकामागून एक सैल करत प्रत्येक मसाला दह्यावर वेगळा पाडायचा. वडा मऊ आहे, दही गोडसर आहे, पण लक्षात राहतो तो हात.

विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस दिसायला साधं. बाहेर बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं सारण, तळून वर चटणी. गरम असतानाच संपवायचं; गार झालं की बटाटा जड होतो आणि खोबऱ्याची गोडी मागे पडते. या सगळ्या खाण्यात बडीशेप, आमचूर आणि काळं मीठ सतत डोकावत राहतात. इंदूरचा जिरावन मसाला म्हणजे याच मंडळींचा मेळा. पोह्यांवर तर तो हवाच, पण इथली माणसं तो पेरूवरही भुरभुरतात.

थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. कोनफळाच्या कुळातला हा कंद सोलून, तुकडे करून तळतात. मागणी आली की पुन्हा एकदा कढईत सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ, वर तिखट मसाला आणि सढळ हाताने पिळलेलं लिंबू. उन्हाळ्यात तो शोधून उपयोग नाही.

गोडाचं थोडक्यात सांगतो. ताटलीभर आकाराच्या जलेब्याचं कौतुक फार होतं, पण ते आकाराचं आहे. चवीला तो जाडजूड जिलबीच. त्यापेक्षा मावा बाटी घ्या, तीही दोघांत एक. शिकंजी मागितलीत आणि लिंबाचं सरबत आलं नाही म्हणून दचकू नका. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, सुका मेवा आणि त्यात किंचित आंबटपणा. प्यायला पेला मिळतो, पण काम चमच्याचं आहे.

अलीकडे मोमो, नूडल्स आणि पेटता विडा या गल्लीत शिरलेत. गॅसच्या टाक्या आणि वाढती गर्दी यांमुळे आग लागली तर काय, अशी तक्रार सराफ करतात. तीत तथ्य आहे, कारण गल्लीची रुंदी काही वाढलेली नाही. पारंपरिक पदार्थांचीच दुकानं ठेवावीत, हीही मागणी पुढे आली आहे. माझं मत त्याच बाजूला पडतं. मोमो कुठल्याही शहरात मिळतो. त्यासाठी सोन्याच्या पेढीसमोरची जागा कशाला अडवायची?

न्यू पलासियातली ‘छप्पन दुकान’ ही त्याच गावातली दुसरी खाऊगल्ली. रुंद, नीटनेटकी, बसायला जागा असलेली. मुलंबाळं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर संध्याकाळी तिकडे जाणं सोयीचं. सराफा उभ्याने खाणाऱ्यांचा. चौघांनी जावं, प्रत्येक दुकानात एकच प्लेट घ्यावी, आणि पहिल्याच ठेल्यावर पोट भरू देऊ नये. रात्रीचं जेवण अर्थातच टाळावं. एक मात्र सांभाळा: दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला उशीर झाला तर पोहे-जिलबीची वेळ हुकते, आणि मग इंदूरकर यजमान तुम्हाला ते ऐकवल्याशिवाय राहत नाही.