घरच्या बिअरमधील वायू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी केलेली बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर मिसळतात. शिल्लक राहिलेले यीस्ट ती साखर खाते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि झाकण घट्ट असल्यामुळे तो बिअरमध्येच विरघळतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय बिअर करणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

गैरसमज : बाटली सपक निघाली म्हणजे यीस्ट मेले.
बहुतेक वेळा ते फक्त गारठलेले असते. त्याला २० ते २४ अंश सेल्सिअस ऊब आणि दोन-तीन आठवडे लागतात. थंड देशातल्या हिवाळ्यात, न तापवलेल्या खोलीत याहून बराच जास्त वेळ जातो. नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही पुरेशा पेशी असतात. बाटल्या उबदार जागी न्याव्यात, तळाचा गाळ हलकेच ढवळला जाईल अशा उलट्यासुलट्या कराव्यात आणि आणखी दोन आठवडे थांबावे. मद्यार्क ९-१० टक्क्यांच्या वर असेल किंवा बिअर कित्येक महिने थंडीत मुरली असेल, तरच यीस्ट खरोखर कमी पडते. मग प्रत्येक बाटलीत कोरड्या यीस्टचे चार दाणे टाकून नवे झाकण बसवणे पुरते.

गैरसमज : गॅस कमी वाटला की साखर वाढवावी.
हा सर्वांत धोकादायक. २० अंशांवर आंबलेल्या एक लिटर बिअरमध्ये मुळातच सुमारे ०.८५ लिटर वायू असतो. साध्या पेल एलला २.२ ते २.६ लिटर पुरतो, आणि लिटरमागे ४ ग्रॅम साखरेतून साधारण एक लिटर वायू मिळतो. म्हणजे २० लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर पुरे. आधीची साखर तशीच पडून असताना वरून आणखी घातली, तर ऊब मिळताच दोन्ही आंबतात आणि काच फुटते. म्हणून आधी चव घ्यावी. सपक बिअर गोडसर लागली तर यीस्टचे काम अजून बाकी आहे; गोडवा अजिबात नसेल तर वायू बहुधा झाकणातून निसटला आहे, आणि दोष झाकणाचा किंवा ते बसवणाऱ्या यंत्राचा आहे. काही बाटल्या सपक आणि काही उसळणाऱ्या निघाल्या तर साखर नीट मिसळलेली नाही. पुढच्या वेळी ती उकळत्या पाण्यात विरघळवून रिकाम्या भांड्याच्या तळाशी ओतावी, वरून नळीने बिअर सोडावी आणि हवा न मिसळता सावकाश ढवळावे.

गैरसमज : बिअर उसळते ती साखर जास्त झाल्यामुळेच.
घाई हेही तितकेच मोठे कारण आहे. आंबणे पुरे होण्याआधी बाटल्या भरल्या आणि घनता नंतर १.०१४ वरून १.०१० वर आली, तर लिटरमागे सुमारे दोन लिटर जादा वायू तयार होतो, म्हणजे मोजून घातलेल्या साखरेपेक्षाही अधिक. हायड्रोमीटरवर तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा दोनदा आल्याशिवाय बाटली भरू नये. तीन आठवड्यांनी उत्तम असलेली बिअर तीन महिन्यांनी कारंज्यासारखी उडाली, तर रानटी यीस्टचा शिरकाव झाल्याचा संशय घ्यावा. डायास्टॅटिकस हा प्रकार नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही हळूहळू फोडतो.

फेस नाही म्हणजे वायू नाही, हेही खरे नव्हे. फेस टिकतो प्रथिने आणि हॉप्समुळे; तेलकट ग्लासात तो लगेच मरतो.

दाब जास्त झालेल्या बाटल्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात जाड मोजे घालूनच हाताळाव्यात. त्या पूर्ण थंड करून झाकणाची कड किंचित उचलावी, वायू सोडावा आणि नवे झाकण बसवावे. एखादी बाटली आपोआप फुटली असेल तर उरलेल्यांना हात न लावता त्यांवर जाड घोंगडी टाकावी, खोली थंड ठेवावी आणि मुलांना दूर ठेवावे. काचेतला दाब बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला सोड्याची एक प्लास्टिक बाटलीही भरावी. ती दाबून दगडासारखी कडक लागली की सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवाव्यात.