नोंदवहीतून ठरणारा चषक

फेब्रुवारी सरत आला की आमच्या अॅथलेटिक्स क्लबच्या कचेरीत वर्षभराच्या नोंदवह्या टेबलावर येतात. क्लबच्या एका दिवंगत सभासदाच्या नावाने आम्ही दोन स्मृतिपुरस्कार देतो. एक हंगामात सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूला, दुसरा मैदानावर राबणाऱ्या पण स्वतः स्पर्धेत नसलेल्या माणसाला. निवड समितीत मी आहे, आणि वर्षभरात क्लबचं जे काही काम करतो त्यात हे मला सगळ्यात जोखमीचं वाटतं.

ज्यांच्या नावाने पुरस्कार आहेत त्यांना सगळे सर म्हणत. एसटीतली नोकरी सांभाळून ते 1500 मीटर धावायचे. जिल्ह्याच्या पुढे त्यांना पदक मिळालं नाही. धावणं थांबलं तेव्हा त्यांनी हातात स्टॉपवॉच घेतलं, आणि ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. ते गेल्यावर घरच्यांनी क्लबला रक्कम देऊ केली, तेव्हा 1500 मीटरच्या विजेत्याला सरांच्या नावाचा चषक द्यावा, असं बहुतेकांच्या मनात होतं. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, "जिंकणाऱ्याला त्याचं मिळतंच. ह्यांचं लक्ष असायचं पाचव्या-सहाव्या आलेल्यांकडे." त्या एका वाक्याने पुरस्काराचं स्वरूप ठरलं. रक्कम कायम निधीत गेली. मुद्दलाला हात लावायचा नाही, बँकेच्या व्याजातून जे बसेल तेवढंच करायचं. लाखाला सात टक्क्यांनी वर्षाचे 7,000 रुपये येतात. त्यात पदकं, प्रमाणपत्रं आणि एक जोडी चांगले बूट बसतात.

प्रगती मोजायची म्हणजे आधी नोंद खरी हवी. सर नव्या घड्याळवाल्याला पहिल्यांदा शिकवायचे ते कान बंद ठेवायला. बंदुकीचा धूर दिसला की बटण दाबायचं, आवाजावर नाही. 100 मीटरच्या शर्यतीत घड्याळवाला शेवटच्या रेषेवर उभा असतो, आणि आवाज तिथवर पोहोचायला जवळपास 0.3 सेकंद घेतो. आवाजावर बटण दाबलं तर प्रत्येक पोराला तेवढे सेकंद फुकट मिळतात. जिथे बंदूक नसते तिथे लाकडी क्लॅपर असतो. त्याच्या फळ्या मिटताना दिसल्या पाहिजेत. पहिल्या क्रमांकाला तीन घड्याळं लावायची. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. आणि 11.32 आलं तर वहीत 11.4 लिहायचं, 11.3 नाही. हातातल्या घड्याळाची वेळ नेहमी वरच्या दशांशाला जाते. पालक रेलिंगला टेकून म्हणतात, "अहो, 11.3 च लिहा की." सर नम्रपणे हसायचे आणि 11.4 लिहायचे.

या काटेकोरपणाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे असं मी मानतो. 1919 च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी पोरं अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांना त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या दिसल्या. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू पाठवायचं ठरलं, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. त्या दिवशी पुण्यात कुणीतरी नीट घड्याळ लावलं होतं म्हणून हे घडलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

नोंदी मिळाल्या की खरी अडचण सुरू होते. एका मुलाने 1500 मीटर 5 मिनिटं 20 सेकंदांवरून 5 मिनिटांवर आणले. दुसऱ्याने 4:10 वरून 4:05 केले. वीस सेकंद विरुद्ध पाच सेकंद. टक्केवारी काढली तर पहिला सहा टक्क्यांच्या वर, दुसरा दोनच टक्के. पण धावणाऱ्या कुणालाही विचारा, ते पाच सेकंद कुठून काढायचे या विचाराने झोप उडते. म्हणून आम्ही डेकॅथलॉनचा गुणतक्ता घेतो. जगभर 1985 पासून हाच लागू आहे. त्यात 1500 मीटरला 6 मिनिटांचे 264 गुण, 5 मिनिटांचे 560 आणि 4 मिनिटांचे 953. म्हणजे पहिलं मिनिट कमी केलं तर 296 गुण वाढतात, पुढचं मिनिट कमी केलं तर 393. जितकं वर जाल तितका सेकंद महाग होतो, हे तक्त्याला कळतं. आमच्या दोन मुलांत तरीही पहिलाच पुढे राहिला, 110 गुणांनी वाढला, आणि दुसरा 36 गुणांनी. पण सेकंदामागे गुण पाहिले तर पहिल्याचे साडेपाच, दुसऱ्याचे सात. या दोन आकड्यांवर समिती रात्री उशिरापर्यंत बसली. शेवटी एकूण गुण धरायचे असं ठरलं. पण 4:05 वाल्याच्या पानावर समितीचा शेरा लिहिला, तो त्याला वाचायलाही दिला.

वय हा आणखी एक गुंता. चौदा-पंधराच्या वयात पाय लांबतात, वेळ आपोआप कमी होते. मुलींच्या गोळाफेकीत तर अन्याय होऊ शकतो. 18 वर्षांखालच्या मुलींचा गोळा 3 किलोचा, त्याच्या वरचा 4 किलोचा. आमची एक मुलगी हंगामाच्या मध्यावर 4 किलोवर गेली आणि वहीत तिचं अंतर घटलेलं दिसू लागलं. नुसते आकडे पाहणाऱ्याने तिला अधोगतीत टाकलं असतं. तिचं पान आम्ही दोन भागांत वाचलं. नव्या गोळ्यावरच्या पहिल्या फेकीपासून शेवटच्या फेकीपर्यंतची वाढ वेगळी धरली, आणि ती अंतिम यादीत आली. हे तिच्या आईला समजावून सांगताना मला सर आठवले, कारण वहीच्या समासात "गोळा बदलला" असं पेन्सिलीने टिपून ठेवायची सवय त्यांचीच.

दुसऱ्या पुरस्काराला आकडे नाहीत, पण गणित आहे. फक्की मारणाऱ्याला ते करावं लागतं. आमचं मैदान मातीचं, फेरी 200 मीटरची. लेन 1.22 मीटर रुंद. बाहेरच्या लेनचा धावपटू पुढून सुटतो हे सगळ्यांना माहीत असतं. किती पुढून, ते फार थोड्यांना. आतल्या कडेला कठडा नसेल, नुसती रेषा असेल, तर पूर्ण फेरीला प्रत्येक लेनमागे 7.67 मीटर. मैदान 200 चं असो की 400 चं, आकडा तोच, कारण वर्तुळाच्या घेरातली वाढ त्रिज्येच्या वाढीवर अवलंबून असते, मूळ त्रिज्येवर नाही. कठडा असेल तर पहिली लेन 30 सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या 20 वर, म्हणून दुसऱ्या लेनला 7.04 येतात. आमच्या मैदानाला कठडा नाही, तरी पुस्तकातले 7.04 मारलेले मी एका जिल्हा स्पर्धेत पाहिले आहेत. पहाटे पाचला दोरी ताणून, खिळा ठोकून, ओंजळीने फक्की सोडत जाणाऱ्या माणसाने 63 सेंटिमीटर चुकवले, तर दुसऱ्या लेनमधलं पोर तेवढं जास्त धावतं आणि त्याला कधी कळतही नाही. हा पुरस्कार अशाच हातांना जातो. यंदा तो एका रिक्षाचालकाला मिळाला. त्यांचा मुलगा क्लब सोडून शहरात गेला, तरी ते दर स्पर्धेला दोरी घेऊन हजर असतात.

प्रगतीच्या पुरस्काराचा चषक फिरता आहे. लाकडी बैठकीवर पितळी पट्ट्या, दर पट्टीवर वर्ष आणि नाव. मागच्या विजेत्याला तो पावतीवर सही घेऊन दिलेला असतो, आणि समारंभाच्या आठवडाभर आधी परत येतो. बहुतेक घरांत तो टीव्हीच्या वर ठेवलेला असतो, त्यामुळे एका बाजूला काळवंडतो. चिंचेचा कोळ आणि पितांबरीने तो आम्हीच घासतो. कोरीव काम करणारा कारागीर आता लेझरवर काम करतो. नाव कागदावर मोठ्या अक्षरात मागतो आणि ह्रस्व-दीर्घ दोनदा विचारतो. पट्टीवर एकदा कोरलं की ते कोरलं.

जगात अशा स्मृती मोठ्या झाल्या आहेत. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदकं मिळवलेला बेल्जियमचा इव्हो व्हॅन दाम त्याच डिसेंबरात मोटार अपघातात गेला, आणि 1977 पासून ब्रुसेल्समध्ये त्याच्या नावाची स्पर्धा भरते. ती सुरू केली क्रीडापत्रकारांनी. पोलंडमध्ये यानुश कुसोचिन्स्कीच्या स्मृतीची स्पर्धा 1954 पासून आहे. 1932 च्या 10,000 मीटरच्या या सुवर्णविजेत्याला 1940 मध्ये जर्मनांनी पाल्मिरीच्या जंगलात गोळ्या घातल्या. या स्पर्धांना जगातले उत्तम धावपटू येतात. आमच्याकडे तालुक्यातली पोरं येतात.

एका वर्षी पावसाने मैदान वाहून गेलं आणि हंगामाचा अर्धा भाग झालाच नाही. तुलना करण्याइतक्या नोंदी कुणाच्याच वहीत नव्हत्या. अंदाजाने कुणाला तरी देऊन टाकू, पोरं हिरमुसतील, असं काहींचं म्हणणं होतं. सरांची मुलगी मुंबईहून आली होती. ती म्हणाली, बाबांनी अंदाजाने एकही वेळ लिहिली नाही. त्या वर्षीच्या पट्टीवर फक्त साल आहे. समारंभात दरवर्षी कुणीतरी नवं पोर बोट ठेवून विचारतं, इथे नाव का नाही, आणि त्या दिवशी जो सभासद जवळ उभा असेल त्याने त्याला नोंदवही उघडून दाखवायची, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.