जुन्या ट्रान्झिस्टर-प्रवर्धकांची दुरुस्ती व संरक्षण

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढे १९६० च्या दशकात विद्युत् गिटारच्या प्रवर्धकांत, म्हणजेच ॲम्प्लिफायरमध्ये, त्याचा प्रवेश झाला. फेंडर या अमेरिकन कंपनीने असे प्रवर्धक १९६६ साली बाजारात आणले. जपानमधील रोलँड कंपनीचा ‘जेसी-१२०’ हा प्रवर्धक १९७५ सालचा होय. त्या काळातील अनेक ट्रान्झिस्टरांचे उत्पादन आता थांबले आहे. यास्तव दुरुस्तीतील एका चुकीने होणारी हानी बहुधा भरून निघत नाही.

व्हॉल्व्ह क्षणिक अतिभार सोसू शकतो. ट्रान्झिस्टरची घडण मात्र निराळी आहे. त्याचे तापमान एका अंशाने वाढले, की तोच प्रवाह वाहण्यासाठी बेस व एमिटर यांमध्ये लागणारा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. बाहेरून दिलेला दाब कायम राहिल्यास प्रवाह वाढतो, प्रवाहामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेमुळे प्रवाह आणखी वाढतो. या चक्रास आवर घालण्यासाठी दाब नियंत्रित करणारा डायोड अनेकदा ट्रान्झिस्टरच्या सान्निध्यात बसविलेला असतो. तो सैल झाला, अथवा अभ्रकाच्या चकतीखालील लेप वाळला, तर फ्यूज वितळण्यापूर्वीच ट्रान्झिस्टर निकामी होतो.

हानी येथेच थांबत नाही. ट्रान्झिस्टर बहुधा अंतर्गत जोडला जाऊन बिघडतो. लाउडस्पीकर धारित्रामार्फत जोडलेला असल्यास ते एकदिश प्रवाह अडविते. थेट जोडणीत मात्र ही आडकाठी नसते. दाब ४० व्होल्ट व वेटोळ्याचा रोध ६ ओहम धरल्यास त्यात सुमारे २६७ वॅट उष्णता सतत निर्माण होते. पन्नास वॅटचे वेटोळे ती फार काळ सोसू शकत नाही.

तात्पर्य, जळालेला ट्रान्झिस्टर हे बहुधा बिघाडाचे कारण नसून परिणाम होय. केवळ तो बदलून यंत्र चालू केल्यास नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जातो. म्हणून प्रथम मोठी धारित्रे रोधामार्फत रिकामी करावीत. नंतर डायोड, लहान रोध व आधीच्या टप्प्यातील ट्रान्झिस्टर तपासावेत. वाळलेली विद्युत्-अपघटनी धारित्रे बदलावीत. तापमान दहा अंशांनी वाढल्यास त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते.

त्यानंतर लाउडस्पीकर न जोडता, विजेच्या मार्गात १०० वॅटचा तंतूचा दिवा एकसरीत जोडून यंत्र चालू करावे. २३० व्होल्टवर अशा दिव्याचा तप्त रोध सुमारे ५२९ ओहम असतो. त्यामुळे आत पूर्ण बिघाड असला, तरी दिवा तापताच प्रवाह अर्ध्या अँपिअरहून कमी राहतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर मोठा दोष उरलेला नाही असे समजावे. तो प्रखर राहिल्यास शोध पुन्हा आरंभावा. थेट जोडणीच्या प्रवर्धकात बहिर्गामी टोकावरील एकदिश दाब काही दशक मिलिव्होल्टच्या आत असल्याची खात्री झाल्यावरच लाउडस्पीकर जोडावा.

संरक्षणासाठी एकदिश दाब आढळताच जोडणी तोडणारा रिले बसविणे हितावह ठरते. निर्दिष्टाहून कमी रोधाचा लाउडस्पीकर जोडू नये व हवेचा मार्ग मोकळा ठेवावा. काढलेले मूळ भाग यंत्रासोबत जपून ठेवल्यास पुढील अभ्यासकास मूळ रचनेचा पुरावा उपलब्ध राहतो.