तांब्याची नळी इथे चालत नाही

आमच्या छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे गेलात, तर गॅस वेल्डिंगची दुकाने दिसतील. काळ्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन, मरून रंगाच्या सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन. दोहोंच्या ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तांबे सहज वाकते, लोखंडासारखे गंजत नाही. मग ॲसिटिलीनसाठी तांब्याची नळी का वापरत नाहीत? पोलाद चालते, रबर चालते, तांब्याचे प्रमाण मर्यादित असलेले पितळही चालते. शुद्ध तांब्याला मात्र सक्त मनाई!

याचे कारण ॲसिटिलीनच्या रेणूत आहे. त्यात कार्बनचे दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात व दोन्ही टोकांना एकेक हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन मिथेन किंवा इथिलीनमधल्यापेक्षा सैल. तांब्याचा आयन त्याला बाजूस सारून त्याची जागा पटकावतो. अमोनियायुक्त क्युप्रस क्लोराइडच्या द्रावणात ॲसिटिलीन सोडला की जो लाल साका बसतो, तो म्हणजे कॉपर ॲसिटिलाइड. ओला असेतो हा अगदी गरीब. वाळला की नुसत्या घर्षणानेही फुटतो. म्हणून प्रयोगशाळेत तो ओला असतानाच विरल आम्लाने नष्ट करतात. तांब्याच्या नळीत हाच थर नकळत साचेल. (घरी हा प्रयोग मुळीच करू नका.)

मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे मला यातली एक गोष्ट फार नवलाची वाटते. कॉपर ॲसिटिलाइड फुटल्यावर उरतात फक्त तांबे व कार्बन. वायू तयारच होत नाही, मग स्फोट कसला? उष्णता इतक्या झटक्याने बाहेर पडते की भोवतालची हवाच एकदम प्रसरण पावते. आणि भोवती दाबाखालचा ॲसिटिलीन असेल तर तो ऑक्सिजन नसतानाही विघटन पावू लागतो. खरा धोका तो.

तांब्याची हीच ओढ रसायनशास्त्रज्ञांच्या मात्र कामी आली. १८६९ मध्ये कार्ल ग्लासर या जर्मन शास्त्रज्ञांनी फेनिल ॲसिटिलीनचा तांब्याचा क्षार घेतला व त्याचा अमोनियाच्या सान्निध्यात हवेशी संयोग होऊ दिला. तेव्हा दोन रेणूंचे तुकडे तांब्याला सोडून एकमेकांना जोडले गेले! कार्बनला कार्बन जोडणे हे सेंद्रिय रसायनातले मोठे अवघड काम. १८८२ मध्ये ॲडॉल्फ बायर यांनी ही युक्ती कृत्रिम नीळ बनवताना वापरली. आपल्याकडे तोवर नीळ झाडापासूनच काढत.

अडचण एकच, तो स्फोटक क्षार आधी वेगळा काढावा लागे. १९६२ मध्ये ॲलन हे यांनी थोडेसेच तांबे एका अमाइनबरोबर विरघळवून द्रावणात ऑक्सिजन सोडला. ॲसिटिलाइड तयार होतो आणि लगेच खर्चही होतो. साचायला त्याला सवडच मिळत नाही. तांबे पुन्हा मोकळे होऊन कामाला लागते, म्हणजे उत्प्रेरक बनते.

पुढे १९७५ मध्ये जपानमध्ये सोनोगाशिरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीला पॅलेडियम घेतले. तांबे तिहेरी बंधाचा तुकडा पकडून पॅलेडियमच्या हाती देते, व पॅलेडियम तो दुसऱ्याच एखाद्या रेणूच्या कार्बनला जोडते. गजकर्णावर लावतात त्या टर्बिनाफिन मलमातील औषधाच्या रेणूत एक तिहेरी बंध असतो. तो तिथे बसवण्याची एक पद्धत हीच आहे.