तापलेल्या टायरातली हवा

मे महिन्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात दुपारचा पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काँक्रीट त्याहूनही जास्त तापतं. अशा दिवसांत ‘टायरात हवा जरा कमीच ठेवा, उन्हानं वाढते’ असा सल्ला हमखास मिळतो. हवेचा दाब वाढतो हे खरंच. सल्ला मात्र घातक आहे.

टायरात कोंडलेल्या हवेला पसरायला जागा जवळपास नसतेच. ती तापली की तिचे रेणू जास्त वेगानं धावतात, आतून रबरावर जास्त जोरानं आणि जास्त वेळा आदळतात. फ्रान्समध्ये गिय्योम आमोंतों यांनी १७०० च्या सुमारास बंदिस्त हवेवर प्रयोग करून दाब आणि तापमानाचं हे नातं दाखवलं. आकारमान तेच राहिलं, तर दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतो.

सकाळी २७ अंशांना कारच्या टायरात ३२ पीएसआय हवा भरली आणि धावून टायर ६७ अंशांपर्यंत तापला, असं समजू. सेल्सिअसचे आकडे पाहता दाब दुपटीच्या वर जाईल असं वाटतं. पण केल्विनमध्ये ही वाढ ३०० वरून ३४० एवढीच आहे. शिवाय गेज फक्त वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून हिशेबात वातावरणाचे १४.७ आधी मिळवायचे आणि शेवटी वजा करायचे. उत्तर येतं सुमारे ३८.

धडधाकट टायर एवढी वाढ सहज पेलतो. कंपनीनं दिलेला आकडा थंड टायरासाठीच असतो.

खरा धोका कमी हवेचा. अशा टायराच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि रबर आतूनच तापत जातं. वेग आणि ओझं त्यात भर घालतात. बोरघाटातून खोपोलीकडे उतरणाऱ्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकची उष्णता रिमपर्यंत पोहोचते, ती वेगळीच. शेवटी रबराचे आणि दोऱ्यांचे थर सुटू लागतात आणि टायर फुटतो.

खालापूरला थांबून कुणी गरम टायरातले ३८ पाहून हवा ३२ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी २७ अंशांना त्यात जेमतेम साडेसव्वीस उरतील. आणि तसाच टायर पुन्हा रस्त्यावर धावेल!

नायट्रोजन भरल्यानंही हा नियम बदलत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा आहे तो कोरडेपणाचा, कारण हवेसोबत टायरात पाणी गेलं तर त्याची वाफ दाब आणखी वाढवते. मग भरायचं ते काहीही असो, गेज लावायचा तो सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, आणि स्टेपनीलाही.