प्रोपेलरची खरी परीक्षा

ड्रोनचा प्रोपेलर निवडताना पूर्ण वेगात कोणता जास्त वजन उचलतो, एवढेच बहुतेक जण पाहतात. तो आकडा उपयोगाचा आहे, पण त्यातून थ्रस्ट (हवा खाली ढकलून मिळणारा वरचा जोर) कळतो. कार्यक्षमता (दर वॅटमागे मिळणारा ग्रॅममधला जोर) कळत नाही.

वल्हे आठवा. रुंद पात्याचे वल्हे सावकाश मारले तरी होडी सरकते; नुसत्या काठीने तेवढीच सरकवायची तर हात भरून येतात. हवेचेही तसेच. तेवढ्याच हवेला दुप्पट वेग द्यायचा तर जोर दुप्पट मिळतो, ऊर्जा मात्र चौपट लागते. म्हणून पुष्कळ हवा हळू ढकलणे स्वस्त पडते. जोर तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर आदर्श गणितात निम्मीच शक्ती पुरते.

चाचणीत मोटर वजन मोजणाऱ्या स्टँडवर घट्ट बसवून ग्रॅम, व्होल्ट आणि अँपिअर नोंदवतात; व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. चूक होते ती इथे: तुलना समान थ्रॉटलवर (मोटरला दिलेल्या वेगाच्या आदेशावर) केली जाते. ती समान थ्रस्टवर हवी, कारण जोर वाढवत नेला की त्याच प्रोपेलरचे दर वॅटमागचे ग्रॅम घसरतात. दीड किलोचा, चार मोटरींचा ड्रोन एका जागी तरंगताना प्रत्येक मोटरवर ३७५ ग्रॅम येतात. तरंगण्यासाठी निवडायचा असेल, तर प्रोपेलर तिथेच तपासावा.

पिचही (घसरण नसती तर पाते एका फेरीत जेवढे पुढे गेले असते ते अंतर) पाहावा. ‘१०४५’ म्हणजे व्यास १० इंच, पिच ४.५ इंच. जास्त पिच वेगवान उड्डाणाला बरा. मोठे पाते मात्र जड असते आणि वेग बदलायला वेळ घेते. शर्यतीच्या ड्रोनवर म्हणूनच सहसा ५ इंची प्रोपेलर दिसतात.